गणित कोणाला पुसावे?

दिवाळीचा फराळ पुढे आला की गप्पांना रंग चढतो, आणि गप्पा रंगल्या की कोणी तरी काका एखादे कोडे घालतातच. कोडे घालणारे काका घरोघर असतात. परंतु ज्याला स्वतःलाच कोडे पडले आहे आणि ज्याच्या घरात, गावात ते काय आहे हेही कोणाला उमगत नाही, त्याने कोणाच्या दारी जावे? गणिताचा इतिहास आपण उत्तरांचा इतिहास म्हणून वाचतो. तो प्रश्न घेऊन दारोदार हिंडणाऱ्यांचाही इतिहास आहे, आणि त्यातली एक कथा आपल्या पुण्यालाही चाटून गेली आहे.

पुसण्याची रीत आपल्याकडे जुनीच. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणी रचला. लीलावती हा त्यातला पाटीगणिताचा भाग. त्यात आचार्य प्रश्न घालतात ते धमकावून नव्हे, लाडीगोडीने, नावाने हाक मारून. कमळांची एक रास आहे. तिचा तिसरा हिस्सा शंकराला वाहिला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला. उरलेली ६ कमळे गुरुचरणी ठेवली. तर कमळे किती? वाचकहो, लक्ष्मीपूजनाची फुले निवडता निवडता घरातल्या मुलांना हे जरूर पुसा. उत्तर १२०. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन केला. तेथला शिलालेख ते आजही सांगतो. म्हणजे विद्या शिकावी, शिकवावी, प्रश्न पुसावेत, यासाठी राखलेली जागा खानदेशात आठशे वर्षांपूर्वी होती.

अशी जागा नसली म्हणजे काय होते, ते विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यातल्या एका तरुणाने भोगले. श्रीनिवास रामानुजन हे त्याचे नाव. कुंभकोणमला वाढलेला, घरची गरिबी, आणि डोक्यात गणितावाचून दुसरे काही नाही. बाकीच्या विषयांत नापास झाल्यामुळे कॉलेज सुटले. वहीमागून वही भरत होती. परंतु त्या वह्या वाचणार कोण?

याच सुमारास व्ही. रामस्वामी अय्यर नावाचे एक डेप्युटी कलेक्टर दुसऱ्याच चिंतेत होते. गणिताची परदेशी मासिके आणि ग्रंथ हिंदुस्थानात एकेकट्या माणसाला परवडत नसत. १९०६ च्या डिसेंबरात त्यांनी स्नेह्यांना पत्रे धाडली : आपण काही जणांनी वर्षाला २५ रुपये वर्गणी काढावी, मासिके मागवावीत आणि ती टपालाने एकमेकांकडे फिरवावीत. १९०७ च्या एप्रिलात वीस सभासदांची मंडळी उभी राहिली. नाव ठेवले अ‍ॅनालिटिक क्लब. १९१० पासून तीच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. या संस्थेचे ग्रंथालय ठेवले कोठे? पुण्यास, फर्ग्युसन कॉलेजात. तेव्हा तेथे प्राचार्य होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले हिंदी गृहस्थ. पुण्याहून निघालेले मासिकांचे पुडके आज या गावी, उद्या त्या गावी, असे देशभर हिंडे. पुढे १९५० साली ते ग्रंथालय मद्रासला गेले.

१९०९ पासून संस्थेने स्वतःचे जर्नल काढले आणि त्यात प्रश्नोत्तरांचे सदर ठेवले. कोणीही प्रश्न पाठवावा, कोणीही उत्तर धाडावे. रामानुजन नोकरीसाठी रामस्वामी अय्यरांकडे आला तेव्हा त्यांनी वही चाळली, आणि हिला तालुका कचेरीतल्या कारकुनीत पुरणे बरे नव्हे हे त्यांना तत्काळ कळले. त्यांनी ओळखीपाळखीची पत्रे दिली, आणि तो फिरत फिरत नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोहोचला. रावांनी काही काळ महिना २५ रुपये देऊन त्याला पोसले.

१९११ साली या तरुणाने जर्नलात एक प्रश्न घातला. वर्गमुळाच्या पोटात वर्गमूळ, त्याच्या पोटात आणखी एक, अशी न संपणारी माळ. तिची किंमत सांगा. सहा महिने गेले, उत्तर कोणाचेच आले नाही. अखेर ते त्यानेच दिले : ३! शाळेतल्या मुलालाही यातली गंमत कळेल. ९ चे वर्गमूळ ३. ते ९ म्हणजे १ अधिक ८, आणि ८ म्हणजे २ गुणिले ४. हे ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ. १६ म्हणजे १ अधिक १५, आणि १५ म्हणजे ३ गुणिले ५. हे ५ म्हणजे २५ चे वर्गमूळ. २५ म्हणजे १ अधिक २४, आणि २४ म्हणजे ४ गुणिले ६. असे उलगडत जा, माळ कधी संपत नाही आणि किंमत तीनाची काही ढळत नाही.

परंतु त्याच जर्नलासाठी त्याने पहिला निबंध धाडला तेव्हा संपादक नारायण अय्यंगार यांना तो एकाहून अधिक वेळा परत करावा लागला. विचार अस्सल, पण मांडणी अशी तुटक की जाणत्यालाही माग लागू नये. संपादकांनी चिकाटी सोडली नाही, लेखकानेही सोडली नाही, आणि निबंध १९११ मध्ये छापून निघाला. वहीत स्वतःशी बोलण्याची भाषा वेगळी आणि परक्याला पुसण्याची वेगळी, हा धडा त्याला तेथे प्रथम मिळाला असावा.

दुसरा धडा लंडनहून आला. मद्रासच्या इंजिनियरिंग कॉलेजातील प्रोफेसर ग्रिफिथ यांनी १९१२ च्या अखेरीस त्याचे काम लंडनचे प्रोफेसर हिल यांना दाखविले. हिल यांनी टाकून बोलले नाही. माणसाला गणिताची आवड आहे, काही कुवतही आहे, पण अनंत श्रेढींच्या बाबतीत तो घसरला आहे, असे त्यांचे मत पडले. त्यांनी एक ग्रंथ वाचायला सुचविला आणि बजावले, की लिहिणे स्वच्छ व निर्दोष असावे, आणि ज्या खुणेचा अर्थ आपण सांगितलेला नाही ती वापरू नये. फळ्यापुढे उभे राहणाऱ्या कोणत्याही मास्तराला हे बोल पटतील. तरीही ज्या बेरजा हिल यांना चूक वाटल्या त्यांच्यामागे काही वेगळाच अर्थ दडला होता, तो त्यांच्या ध्यानात आला नाही. पुसणाऱ्याने उलगडून सांगितले नाही, म्हणून ऐकणाऱ्याला हिरा गारगोटी वाटली.

मग १६ जानेवारी १९१३ चे ते प्रसिद्ध पत्र. त्याआधी केंब्रिजच्या आणखी दोघा नामांकितांना त्याने लिहिले होते असे सांगतात. तेथून काही निष्पन्न झाले नाही. हे तिसरे पत्र गेले जी. एच. हार्डी यांना. हार्डी तेव्हा पस्तिशीचे. पत्राची बांधणी पाहण्याजोगी आहे. आधी, मी कोण : मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला कारकून, पगार वर्षाला २० पौंड, विद्यापीठाची पदवी नाही. मग, मी आपल्यालाच का लिहितो : आपल्या अमुक पुस्तिकेत एक गोष्ट अद्याप कोणाला साधली नाही असे म्हटले आहे, ती मला साधली आहे असे वाटते. मग आपल्या कामाची पानेच्या पाने, शंभरांवर सिद्धांत. आणि शेवटी, हवे काय : यात काही मोल असेल तर ते प्रकाशात यावे आणि आपला सल्ला मिळावा. लाचारी नाही, फुशारकीही नाही.

हार्डींना पहिल्याने ही कोणाची थट्टा वाटली. रात्री ते मित्र लिटलवुड यांच्यासह कागद घेऊन बसले. काही सूत्रे ओळखीची, काही कष्टाने सुटणारी, आणि काही अशी की त्यांनी तसले काही उभ्या जन्मात पाहिले नव्हते. ती खरीच असली पाहिजेत, कारण असले खोटे रचण्याची कल्पनाशक्ती कोणाकडे असणार, असा त्यांनी निवाडा केला. ८ फेब्रुवारीला उत्तर निघाले. त्यात कौतुक होते, आणि त्याबरोबरच सिद्धतांची मागणीही होती. वर्षभराने, १९१४ च्या मार्चात, कारकून केंब्रिजच्या वाटेला लागला. १९१८ साली रॉयल सोसायटीचा फेलो झाला. आणि २६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मद्रासला निवर्तला.

केंब्रिजमधला एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे, कारण त्याचा संबंध आपल्यासारख्या मासिक वाचणाऱ्यांशी आहे. १९१४ च्या डिसेंबरात स्ट्रँड मासिकात एक कोडे आले होते. रस्त्याच्या एका बाजूला १ पासून ओळीने क्रमांक दिलेली घरे. एक घर असे, की त्याच्या डावीकडच्या सर्व क्रमांकांची बेरीज उजवीकडच्या सर्व क्रमांकांच्या बेरजेइतकी. घरे ५० हून अधिक, ५०० हून कमी. तर घर कोणते? प्रशांतचंद्र महालनोबीस तेव्हा तेथे शिकत होते. त्यांनी खटपट करून उत्तर काढले आणि ते कोडे रामानुजनला वाचून दाखविले. तो चुलीवर भाजी ढवळीत होता. ढवळता ढवळताच त्याने एका घराचे नव्हे, अशा सर्वच घरांचे उत्तर एका माळेत सांगून टाकले. ८ घरांत सहावे, ४९ घरांत पस्तिसावे, आणि मासिकाला हवे ते २८८ घरांत २०४ वे. गंमत म्हणून छापलेला प्रश्नही योग्य कानी पडला की केवढा मोठा होतो, पाहा!

आणि असा कान विलायतेतच भेटतो असे नाही. देवळालीच्या शाळेतले मास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे फर्ग्युसनचेच विद्यार्थी, रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांनी १९२७ साली मिळविले होते. त्यांनी प्रश्न पुसले ते थेट आकड्यांना. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, मात्र चारही अंक एकच नसावेत. अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजाबाकी करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. ३५२४ घेतले तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. येथे गाडी थांबते, आणि कोठूनही निघाली तरी फार तर सात फेऱ्यांत येथेच येते. मास्तरांनी हे गणित परिषदांतून मांडले, लहानसहान नियतकालिकांतून छापले. पुष्कळांनी हसून सोडून दिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्याविषयी लिहिले, आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले.

आज खिशातल्या फोनवरून प्रश्न क्षणात सातासमुद्रापार जातो. २५ रुपये वर्गणी नको, पुडक्याची वाट पाहणे नको. रीत मात्र तीच राहिली आहे. जाणता कोण ते आधी शोधावे. आपण किती चाललो आणि कोठे अडलो ते उघड सांगावे. खुणेचा अर्थ सांगितल्यावाचून खूण वापरू नये. आणि पत्र परत आले तर ते सुधारून पुन्हा धाडावे.

पण ही झाली पुसणाऱ्याची बाजू. रामानुजनच्या कथेत मला दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. वही चाळणारे रामस्वामी, निबंध परत परत तपासणारे अय्यंगार, रात्र जागविणारे हार्डी, हे नसते तर त्या वह्या कुंभकोणमच्या माळ्यावर वाळवीने खाल्ल्या असत्या. आपल्या घरातही एखादे पोर आईला, आजोबांना काही तरी पुसत असते आणि आपण त्याला “गप्प बस” म्हणतो. या दिवाळीत ते पोर पुसेल तेव्हा उत्तर येत नसले तरी हरकत नाही. “चल, दोघे मिळून शोधू,” एवढे म्हटले तरी त्याच्या प्रश्नाला एक दार उघडेल.