सीताफळाची गुणसूत्रं आणि आमच्या आजीची यादी

आजचा एपिसोड घरातूनच सुरू करतो.

काकांच्या आतड्यात गाठ निघाली. वय 46. दोन वर्षं शौचातून रक्त जायचं, मूळव्याध समजून अंगावर काढलं. रिपोर्टमध्ये एक शब्द होता, ‘एमएसआय-हाय’. नाशिकच्या डॉक्टरांनी विचारलं, “घरात आणखी कुणाला कॅन्सर?” आम्ही म्हणालो, नाही. तेवढ्यात आजी बोलली, “तुझे आजोबा पोटाच्या दुखण्यानं गेले, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आत्याची पिशवी काढली, त्यातही गाठच होती.”

ही तीन दुखणी आम्ही कधी एका ओळीत मांडलीच नव्हती. मी सॉफ्टवेअरवाला. बग दिसला की तो कोडमध्ये कधीपासून आहे हे शोधायची सवय. म्हणून इतिहास वाचायला बसलो.

1895. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डॉ. वॉर्थिन यांना एक शिवणकाम करणारी बाई म्हणाली की, आमच्या घरात सगळे आतड्याच्या, पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली, गर्भाशयाच्या कॅन्सरनं. वॉर्थिन यांनी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. तिच्या अख्ख्या खानदानाची नोंद ठेवली आणि 1913 मध्ये छापली. पुढच्याच वर्षी जर्मनीत बोव्हेरी यांनी पुस्तक लिहिलं. समुद्री साळिंदराच्या अंड्यांत गुणसूत्रांची वाटणी चुकली की वाढ बिघडते, हे त्यांनी पाहिलं होतं. कॅन्सरही तिथूनच सुरू होत असेल, असा त्यांचा अंदाज.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या हुजूरपागेतली कमल समर्थ, म्हणजे डॉ. कमल रणदिवे. त्यांनी 1943 मध्ये एम.एस्सी. केलं ते सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर. तिथून त्या मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये डॉ. खानोलकरांच्या हाताखाली कॅन्सरकडे वळल्या, 1949 मध्ये पीएच.डी. झाल्या. मग बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे काचेच्या भांड्यात पेशी वाढवायला शिकल्या आणि परत येऊन मुंबईत तशी लॅब उभी केली. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचं नातं मांडणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांमध्ये त्या होत्या. आणि याच बाईंनी पुढे आमच्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या तब्येतीचा अभ्यास केला. मला हे काकांच्या आजारपणात कळलं!

आतड्याच्या कॅन्सरचं कोडं मात्र पुढे सुटलं, बरंचसं त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये, बर्ट व्होगेलस्टाईन यांच्या टीमकडून. पेशी विभागते तेव्हा 46 गुणसूत्रांतली साधारण 600 कोटी अक्षरं कॉपी होतात. यात गडबड व्हायचे दोन मुख्य रस्ते.

पहिला, टायपो. कॉपीतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद पडते, म्हणजे कोड रिव्ह्यू न करता सगळं मर्ज! एकच अक्षर पुन्हा पुन्हा येतं तिथे सगळ्यात जास्त चुका. यालाच एमएसआय म्हणतात. 1993 मध्ये दुरुस्ती करणारं एमएसएच-2 जीन दोन टीमना सापडलं, आणि ते बिघडलेलं असेल तर आतड्याचा कॅन्सर घराण्यात का चालत येतो हे उलगडलं.

दुसरा रस्ता, अक्षरं नाही, पूर्ण फाइलीच गायब किंवा डबल. 1997 मध्ये याच टीमनं दाखवलं की उरलेल्या गाठींमध्ये पेशी गुणसूत्रंच्या गुणसूत्रं गमावते किंवा जादा घेते, दर विभाजनाला दर गुणसूत्रामागे शंभरात एकपेक्षा जास्त वेळा. म्हणजे बोव्हेरींचा अंदाज जवळपास 80 वर्षांनी मोजून मिळाला.

आतड्याच्या कॅन्सरमध्ये पहिला प्रकार शंभरात साधारण 15, बाकीचे बहुतेक दुसऱ्या प्रकारचे. त्या 15 मध्येही बहुतेकांचा बिघाड आयुष्यात नंतर झालेला असतो, जन्मतः आलेला साधारण तिघांत. हे कळल्यानं औषध बदलतं. एमएसआय-हाय गाठ पसरलेली असली तरी इम्युनोथेरपी बऱ्याच जणांना लागू पडते.

काकांच्या रक्ताची टेस्ट केली. एमएसएच-2 मध्ये बिघाड निघाला, म्हणजे आम्ही त्या तिघांतले. पप्पांनाही तो असण्याची शक्यता निम्मी. त्यांना असला तर मला असण्याचीही निम्मी. पप्पा म्हणतात, “चांगलं चाललंय, कशाला उकरून काढायचं?” मी म्हणतो, पप्पा, आधी कळलं तर दुर्बिणीनं तपासत राहता येतं, कोंब कॅन्सर होण्याआधीच काढता येतो. आजोबांना ही संधी नव्हती. अजून वाद चालूय.

तोवर तुम्ही एक करा. रविवारी घरी फोन लावा आणि आजीला विचारा, आपल्यात कोण कशानं गेलं आणि कितव्या वर्षी. ‘पोटाचं दुखणं’ आणि ‘पिशवीचं दुखणं’ एकाच कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. पन्नाशीच्या आतली दोन नावं निघाली, तर थांबू नका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.