खतावणी, सातबारा आणि तक्ता: जतच्या महसुली नोंदींचा प्रवास

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात जमिनीच्या नोंदी तीनशेहून अधिक वर्षे लिहिल्या जात आहेत. या काळात लिपी, मापे, कागद आणि लिहिणारा हात हे सगळे बदलले. काम मात्र एकच राहिले: एका रचनेतली माहिती, तिचा अर्थ न बिघडवता, दुसऱ्या रचनेत मांडणे.

आदिलशाहीत डफळापूरच्या चव्हाण घराण्याला या भागाची देशमुखी मिळाली. हेच पुढचे डफळे. १८२०मध्ये त्यांचा इंग्रजांशी करार झाला. सातारचे राज्य खालसा झाल्यावर ही जहागीर थेट इंग्रजांच्या अंमलाखाली आली. मराठी मुलखातल्या इतर दप्तरांप्रमाणे जहागिरीचा लेखी व्यवहारही मोडी लिपीत चाले. कारकून आधी रोजकीर्द लिही, म्हणजे त्या दिवशी जे घडले ते त्याच क्रमाने नोंदवी. मग त्याच रकमा खातेवार उचलून खतावणी तयार होई आणि वर्षअखेरीस ताळेबंद. खतावणीत नवी माहिती काहीच नसते, फक्त मांडणी बदललेली असते. तरीही जमाखर्चाची खरी कसोटी तिथेच लागे, कारण कीर्दीतली एक रक्कम चुकीच्या खात्यावर पडली तरी सारा हिशेब बिघडे.

आजच्या सातबाऱ्याची चौकट ब्रिटिश मुलखात तयार झाली. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूरपासून सुरू केलेल्या पाहणीने शेताला सर्व्हे नंबर आणि आकार, म्हणजे महसुलाची रक्कम, दिला. १९०३च्या हक्कनोंदणी कायद्याने त्या नंबराला माणसांची नावे जोडली. अँडरसन या मुलकी अधिकाऱ्याने गावदप्तराचे क्रमांकित नमुने बसवून दिले. सहावा फेरफाराचा, सातवा अधिकारांचा, बारावा पिकांचा आणि आठ-अ खातेदाराच्या एकूण जमिनीचा. सातबारा हे सातव्या आणि बाराव्या नमुन्यांचे एकत्र पान. ८ मार्च १९४८ रोजी जत संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १९५१मध्ये गावदप्तर सांभाळणाऱ्या कुलकर्ण्यांचे वंशपरंपरागत वतन संपुष्टात आले आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे गेले.

त्यानंतर मापे बदलली. हा टप्पा सहसा दुर्लक्षिला जातो, पण नोंदींचे रूपांतर किती जोखमीचे असते हे त्यात स्पष्ट दिसते. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले आणि १९५७पासून आकारणीतले आणे-पै जाऊन नवे पैसे आले. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि सोळा आण्यांचा रुपया ही दोन्ही मापे दशमान नाहीत. जुन्या कागदावर २.३० म्हणजे दोन एकर तीस गुंठे. त्यात १.२० मिळवले तर बेरीज ४ एकर १० गुंठे येते. हेच आकडे दशांश समजून बेरजेला घातले तर ३.५० येतात, आणि तेही दिसायला बरोबर वाटतात.

संगणकाने अडचणींचा नवा थर चढवला. सुरुवातीच्या मराठी फॉण्टांत प्रत्येकाचे अक्षरसंकेत वेगळे होते. एका यंत्रावरची नावे दुसऱ्यावर निरर्थक चिन्हे होऊन उमटत. युनिकोड रुळल्यावर हा त्रास ओसरला. जतच्या पूर्व भागातल्या कन्नडभाषक गावांत मात्र एकच आडनाव देवनागरीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते आणि यंत्राला ती वेगळी माणसे वाटतात. हस्तलिखित सातबारा संगणकावर उतरवताना झालेल्या चुका शोधण्यासाठी २०१७मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले. नोंदी गावासमोर मोठ्याने वाचायच्या आणि ज्याची जमीन त्याने चूक दाखवायची, ही पद्धत कोणत्याही तांत्रिक तपासणीइतकीच मोलाची आहे. लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी जमीन महसूल संहितेतले कलम १५५ आहे. १ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पीक नोंदवतो.

दरम्यान कार्यालयांत स्प्रेडशीट, म्हणजे हिशेबाचा संगणकी तक्ता, आली होती. १९७९मध्ये व्हिसिकॅल्क, १९८३मध्ये लोटस आणि १९८५मध्ये एक्सेल. टँकरच्या फेऱ्या, चारा छावण्यांतली जनावरे, पैसेवारी, नुकसानभरपाईच्या याद्या हे सगळे दुष्काळी तालुक्यात याच तक्त्यांवर चालते. पण एक्सेलला सर्व्हे नंबर ठाऊक नसतो. इंग्रजी आकड्यांत लिहिलेला १२/३ हा हिस्सा ते तारीख समजते. आरंभीचे शून्य ते गाळून टाकते. नावाची तारीख होण्याच्या अशाच चुका टाळण्यासाठी २०२०मध्ये काही मानवी जनुकांची अधिकृत नावे बदलावी लागली.

एआय एजंट हा या परंपरेतला सर्वांत नवा कारकून. जेसन, एक्सएमएल किंवा सीएसव्ही फाइल देऊन मराठीत सूचना केली की तो रकान्यांची नावे पाहतो, छोटा प्रोग्राम लिहितो, चालवतो, निकाल तपासतो आणि चुकल्यास दुरुस्त करून एक्सेलचा तक्ता देतो. इथे एक भेद महत्त्वाचा आहे. एजंटने प्रोग्राम लिहिला तर एकच नियम सर्व ओळींना लागतो आणि काम पुन्हा चालवून पडताळता येते. त्याने आकडे स्वतः वाचून उतरवले तर एखादा आकडा बदलल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा, विहिरीतला हिस्सा, वाट असे मोकळे लेखन असते. तिथे वाचून अर्थ लावण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून तो रकाना माणसाने ओळीओळीने तपासलाच पाहिजे.

सूचना देतानाच सर्व्हे नंबर आणि खाते क्रमांक मजकूर म्हणून ठेवायला सांगावेत. एकर आणि गुंठे वेगळ्या रकान्यांत घ्यावेत आणि मूळ नोंदीचा रकाना शेजारी राखावा. शेवटी ओळींची संख्या मूळ फाइलशी आणि क्षेत्राची बेरीज भूमी अभिलेख विभागाच्या आकारबंदाशी, म्हणजे सर्व्हे नंबरवार क्षेत्र आणि आकाराच्या नोंदवहीशी, जुळवावी. बेरीज जुळली नाही तर तक्ता वापरू नये. जुळली तरी तो केवळ कामाचा कागद ठरतो. कार्यालयात चालतो तो अधिकृत सातबाराच.