संस्थापकाची मेणबत्ती

आपल्याकडे कुठल्याही समारंभात आभारप्रदर्शन सगळ्यात शेवटी. तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात, मागून चहाचा वास यायला लागतो आणि सूत्रसंचालक "फक्त दोन मिनिटं" म्हणत कोणातरी बिचाऱ्याच्या हातात माइक देतो. मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, ज्ञात-अज्ञात सर्व हितचिंतक असे करत यादी आटोपते. आपल्या वर्गातही हे काम जो कधीच हात वर करत नसे त्याच्याच वाट्याला यायचे, आठवत असेल.

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने 'शाळेविषयी कृतज्ञता' असा विषय सुचवला. त्यावर प्रत्येक जण लिहिणारच आहे, आणि माझ्यापेक्षा बरे लिहील. म्हणून मी जरा आडवाटेने जाते. मला सांगायचे आहे ते एका कॅथलिक संन्यस्त संघाविषयी. शाळेच्या उपकारकर्त्याचे आभार कसे, कधी आणि किती वर्षे मानायचे, याचा या लोकांनी साडेचारशे वर्षांपूर्वी लेखी नियमच करून ठेवला होता.

पुण्यात नगर रस्त्याने ऑफिसला जाताना रामवाडीजवळ दाट झाडीचे एक आवार लागते. तिथे जेझुइट संघाचे, म्हणजे मराठी ख्रिस्ती लोक ज्याला येशूसंघ म्हणतात त्याचे, डी नोबिली कॉलेज आहे. शेजारीच पेपल सेमिनरी आहे. ती १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली. कित्येक वर्षे मी ते फाटक ट्रॅफिकमध्ये अडकून नुसते पाहत होते. मग एकदा कुतूहलाने या संघाची घटना वाचायला घेतली. आपण इंजिनिअर लोक कादंबरी अर्धवट सोडू, पण नियमावली दिसली की शेवटपर्यंत वाचतो.

त्याआधी कॅथलिक मठांतल्या जुन्या रिवाजाविषयी थोडे सांगायला हवे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी इटलीत मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यात द्वारपालावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. दारावर थाप पडली किंवा एखाद्या गरिबाने हाक दिली की त्याने लगेच लॅटिनमध्ये उत्तर द्यायचे: देओ ग्रातियास, म्हणजे देवाचे आभार. कोण आले, काय मागायला आले, हे कळायच्या आत आभार! जेवणापूर्वी प्रार्थना आणि जेवणानंतर आभार हे तर ठरलेलेच. त्या आभारांमध्ये ज्यांनी मठाला काही दिले त्यांच्यासाठीही मागणे असे. पहाटेच्या उपासनेत रविवारी आणि सणाला 'ते देउम' हे स्तुतिगीत, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी सरत्या वर्षाबद्दल पुन्हा तेच. थोडक्यात, तिथे आभार कार्यक्रमाच्या शेवटी उरत नाहीत, दिवसाच्या वेळापत्रकातच बसवलेले असतात.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशिअस लोयोला मूळचे स्पेनच्या बास्क भागातले लढवय्ये. १५४० मध्ये त्यांच्या संघाला पोपची मान्यता मिळाली. त्यांनी आपल्या लोकांना दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, आत्मपरीक्षण करायला सांगितले. आत्मपरीक्षण म्हटले की आपण चुका मोजायला बसतो. इग्नेशिअस यांच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत आणि पहिली आहे मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार. पापांची पाळी त्यानंतर. मार्च १५४२ मध्ये त्यांनी लिस्बनमधल्या आपल्या सोबत्याला, सिमाँव रोद्रिगिश यांना, पत्र लिहिले. त्यात कृतघ्नता हे सर्व पापांचे मूळ आहे असे त्यांनी म्हटले आहे. त्याच वर्षी ६ मे रोजी त्यांचे दुसरे सोबती फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले.

आता त्या घटनेकडे येते. ती इग्नेशिअस यांनी रोममध्ये लिहिली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १५५८ मध्ये, संघाने मंजूर केली. तिचा चौथा भाग कॉलेजांविषयी आहे. कोणते विषय शिकवायचे, मुले कशी घ्यायची, पुस्तके कोणती, हे सगळे त्यात येते. पण त्याच्याही आधी, पहिल्याच प्रकरणात, कॉलेजसाठी ज्यांनी दान दिले त्यांचे स्मरण कसे करायचे ते येते. याला व्यावहारिक कारणही होते. शिकवण्याबद्दल मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत असे या लोकांनी ठरवले होते. फी नाही म्हणजे जमीन किंवा कायमचे उत्पन्न देणारा कोणीतरी हवाच.

नियम असे आहेत. प्रत्येक कॉलेजात संस्थापक आणि इतर दाते यांच्यासाठी, ते जिवंत असोत वा नसोत, आठवड्यातून एक मिस्सा कायमची अर्पण करायची. दर महिन्याच्या आरंभी तिथल्या सर्व धर्मगुरूंनी तसेच करायचे. कॉलेज ताब्यात आले की जगभरातल्या संघाच्या प्रत्येक धर्मगुरूने त्या दात्यासाठी तीन मिस्सा अर्पण करायच्या, आणि तो वारल्याचे कळले की पुन्हा तीन. जे धर्मगुरू नाहीत, म्हणजे स्वयंपाकघरात, बागेत, दारावर काम करणारे बंधू, त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. या नियमाला समाप्तीची तारीखच नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर रिकरिंग रिमाइंडर, आणि एंड डेटच्या रकान्यात 'नेव्हर'.

मला सर्वांत आवडली ती मेणबत्ती. कॉलेज ज्या तारखेला ताब्यात आले त्या तारखेला दरवर्षी मोठी मिस्सा होणार आणि त्या दिवशी संस्थापकाला, तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला, एक मेणाची मेणबत्ती द्यायची. तिच्यावर त्याच्या घराण्याचे चिन्ह. घेणारा कोणी हजर नसेल तर ती त्याच्या नावाने वेदीवर ठेवायची. शाल नाही, श्रीफळ नाही, मानपत्र नाही. पेटवली तर संपून जाणारी वस्तू.

आणि तिच्याखाली एक खुलासा आहे. ही मेणबत्ती संस्थापकाविषयीच्या कृतज्ञतेची खूण आहे. तिच्यामुळे त्याला किंवा त्याच्या वारसांना कॉलेजवर किंवा त्याच्या मालमत्तेवर कसलाही हक्क मिळत नाही, कारण असा हक्क असणारच नाही. हे वाचून मी मोठ्याने हसले. कोणीतरी सरदार नेमणुकीत लुडबूड करायला आला असणार, त्याशिवाय इतके स्पष्ट कोण लिहील? गावोगावच्या आपल्या शिक्षणसंस्थांना हे एक वाक्य सुरुवातीपासून मिळाले असते तर किती तरी कोर्टकज्जे वाचले असते. नियमाने आभार आणि मालकी या दोन गोष्टी शांतपणे वेगळ्या केल्या. आपल्या 'आभार' या शब्दात भार आहे. देणारा ते ओझे घेणाऱ्याच्या डोक्यावर कायमचे ठेवू पाहतो. इथे घेणारा सांगतो आहे की ओझे मी जन्मभर वाहीन, पण लगाम तुझ्या हाती देणार नाही.

इथवर वाचून या लोकांविषयी आदर वाटला, आणि तो अजून आहे. पण इतिहास म्हणून लिहायचे तर हाच नियम आपल्या किनाऱ्यावर आला तेव्हा काय झाले तेही सांगितले पाहिजे.

गोव्यातले सेंट पॉल कॉलेज हे येशूसंघाचे आशियातले पहिले मोठे केंद्र. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना आला तो इथेच. या कॉलेजचा खर्च चालायचा कशावर? १५४० मध्ये गोवा बेटावरची देवळे पाडण्यात आली. पुढच्या वर्षी त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्मकार्याकडे वळवण्यात आले, आणि गावकऱ्यांकडून तशी संमती लिहून घेतली गेली. देऊळ उभे नसताना आणि समोर पोर्तुगीज सत्ता असताना दिलेली ती संमती काय दर्जाची होती, ते सांगायला नको. त्या उत्पन्नावर उभी राहिलेली पाठशाळा पुढे येशूसंघाकडे आली. साष्टीत १५६७ मध्ये हेच झाले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आपल्या वर्गातल्या दोघीतिघींची ही कुलदैवते आहेत.

देवळाच्या जमिनी कशासाठी असतात ते औंधकरांना सांगायला नको. पूजा, नैवेद्य, वाजंत्री, गुरव, आणि दिवाबत्ती. म्हणजे गाभाऱ्यातल्या दिव्याच्या तेलाची जमीन आता मेणबत्ती लावणाऱ्यांच्या कॉलेजला पोसू लागली. नियमाप्रमाणे स्मरण होणार ते दात्याचे, आणि आश्रयदाता म्हणून नाव लागले पोर्तुगालच्या राजाचे. ज्या गावांच्या शेतांतून ते भात येत होते त्यांच्या वाट्याला मेणबत्ती नव्हती. त्या नियमात 'इतर दाते' असा शब्द आहे, त्यांच्यासाठीही दर आठवड्याला मिस्सा आहे. पण ज्याच्याकडून घेतले आणि ज्याने दिले यातला फरक ओळखणारा रकाना त्या सुंदर नियमावलीत नाही. ज्यांनी कृतघ्नतेला सर्व पापांचे मूळ म्हटले त्यांच्याच घरात हे झाले, म्हणून ते जास्त टोचते.

त्याच साष्टीत, राशोलच्या किल्ल्यातल्या कॉलेजात, १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. शाळेत आपण त्यांचे नाव मराठीचे गोडवे गाणारा परदेशी म्हणून ऐकले होते. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, चाळीस वर्षे इथेच राहिला आणि १६१९ मध्ये वारला. दहा हजारांहून अधिक ओव्या त्याने इथल्या माणसांच्या भाषेत लिहिल्या. ज्यांच्या कानांवर ओवीचे संस्कार होते त्यांना ओवीच दिली. पोथ्या आणि देवळे गेलेल्या मुलखात त्या लोकांची भाषा आणि छंद इतक्या प्रेमाने उचलणे, हे मला तरी कोणत्याही मिस्सेपेक्षा मोठे ऋणमोचन वाटते. तो हेतू त्याच्या मनात होता असे मी म्हणत नाही. धर्मप्रसारासाठीच त्याने ते लिहिले, यात शंका नाही.

'कायमची' म्हणून लिहिलेली ती मिस्सा गोव्यात सुमारे दोनशे वर्षेच चालली. १७५९ मध्ये पोर्तुगालने आपल्या सर्व मुलखांतून येशूसंघाला हाकलले, मालमत्ता जप्त केली. १७७३ मध्ये पोपनेच संघ विसर्जित केला. तो पुन्हा उभा राहिला १८१४ मध्ये. सेंट पॉल कॉलेजची आज जुन्या गोव्यात रस्त्याकडेला फक्त एक कमान उरली आहे. सहलीच्या बसेस तिथे थांबत नाहीत.

हे सगळे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपली शाळा येत राहिली. बाळासाहेब महाराज, श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी, यांचे उपकार आपण कोणीच विसरलो नाही. सूर्यनमस्कार घालून घालून ते आपल्या पाठीच्या कण्यात बसले आहेत. चित्रसंग्रहालय, शाळा, किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिलेली कुंडलजवळची जागा, आणि १९३९ मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी औंधची राज्यघटना. त्यांना मेणबत्ती द्यायची तर दुसऱ्या कोणाचा हक्क त्याआधी लागत नाही. देऊन झाल्यावर मालकी सोडण्याची गोष्टही त्यांनी स्वतःच करून दाखवली होती.

पण संस्थानच्या खजिन्यात पैसा यायचा तो शेतसाऱ्याचा. औंध संस्थान म्हणजे बहात्तर गावे, तीही एकसंध नाहीत. सातारा, सांगली आणि विजापूरच्या मुलखात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. इकडे खटाव, तिकडे आटपाडी, म्हणजे पावसाची सदा वानवा असलेला मुलूख. त्या बाजरी-ज्वारीच्या सारापट्टीतून आपल्या वर्गांच्या भिंती उभ्या राहिल्या. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, आणि ज्या गावांनी तो सारा भरला त्यांतल्या कितीकांचा औंधशी संबंधच उरला नाही. सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या गावातल्या शेतकऱ्याला सांगा की साताऱ्यातल्या एका शाळेच्या पायात तुझ्या पणजोबांचा पैसा आहे, तर तो आधी आपल्याकडे वर्गणी मागायला आलात का म्हणून विचारेल. गोव्यासारखी जबरदस्ती इथे नव्हती, दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. तरीही आपल्या फलकावर त्या गावांची नावे नाहीत, एवढे साम्य आहे.

डिजिटल वर्गाच्या देणगीवरून आपल्या ग्रुपवर जी चर्चा झाली, नाव दारावर लावायचे की आत, रकमेप्रमाणे अक्षरांचा आकार ठेवायचा की नाही, ती मी वाचत होते. मी उत्तर दिले नाही, कारण तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते आणि माझे रिलीज अडकले होते. आता देते. नाव आत असावे, सगळ्यांची अक्षरे एकसारखी असावीत, आणि खाली त्या जुन्या खुलाशाचे मराठी भाषांतर छापावे की ही कृतज्ञतेची खूण आहे, हक्काची नव्हे. मीही देणगीदारांत आहे, म्हणून हे बोलायला मोकळी आहे.

दुसरी विनंती संपादक मंडळाने मान्य केली आहे. या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीच्या आधी एक पान कोरे सोडलेले दिसेल. ती छपाईची चूक नाही. तुमच्यापैकी जे आटपाडी, कुंडल किंवा त्या बहात्तरांतल्या कोणत्याही गावचे असतील, किंवा ज्यांचे आजोळ, सासर तिकडचे असेल, त्यांनी मेळाव्याच्या दिवशी आपल्या प्रतीत आणि शाळेच्या ग्रंथालयातल्या प्रतीत गावाचे नाव लिहावे. पेन मी आणते.