दोन माग कीं तीन?



भाईंदरास स्टीलचीं भांडीं घडविणारे लहानमोठे कारखाने आहेत. तेथें मजुरीचा विषय निघाला म्हणजे "आधीं काम वाढवा, मग मजुरी मागा" हें उत्तर हटकून ऐकूं येतें. हेंच उत्तर सुमारें शंभर वर्षांपूर्वीं मुंबईच्या कापडगिरण्यांत दिलें गेलें, आणि त्यापायीं केवढा प्रसंग ओढवला तें आज सांगावयाचें आहे.

मालकांचें गाऱ्हाणें अगदींच पोकळ नव्हतें. १९१० च्या सुमाराचे आंकडे तपासून ग्रेगरी क्लार्क या अर्थशास्त्रज्ञानें १९८७ सालीं दाखविलें कीं, अमेरिकेंतील न्यू इंग्लंडचा एक गिरणी-कामगार हिंदी कामगाराच्या जवळजवळ सहापट काम उरकी. लँकेशायरचा विणकर सामान्यतः चार माग सांभाळी, मुंबईचा दोन. पुढें जपानी कापडाची स्पर्धा जाचूं लागली, तेव्हां कांहीं गिरण्यांनीं विणकराकडे तीन माग व कांतणाऱ्याकडे दुप्पट चात्या सोंपविण्याचा घाट घातला. एप्रिल १९२८ मध्यें संप पेटला. सुमारें दीड लक्ष कामगार सहा महिने कामावर गेले नाहींत.

त्यांचें म्हणणें ऐकण्याजोगें होतें. सूत हलकें, आंखूड धाग्याच्या कापसाचें. तें वारंवार तुटे. तीन मागांमध्यें धांवणारा माणूस धागे सांधीत बसेल, मग कापड विणील केव्हां? विणकराची मजुरी तर उक्त्या कामाची! शिवाय ज्यांचे माग गेले त्यांनीं जावें कोठें? माझ्या मतें या शेवटच्या प्रश्नाला मालकांजवळ उत्तरच नव्हतें.

आणखी एक गोष्ट उभय पक्षांस अडचणीची होती. विणकामाच्या खात्यांत मजुरी अधिक मिळे. परंतु तेथें धोट्यांतील धागा तोंडानें ओढावा लागे, एवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगारांस त्या खात्याचें दार बंद होतें. कार्यक्षमतेवर तासन् तास बोलणाऱ्यांस हें दिसूं नये याचें नवल वाटतें! डॉ. आंबेडकरांनीं या संपाच्या काळांत तो प्रश्न पुढाऱ्यांपुढें रोखठोक मांडला.

ऑक्टोबरमध्यें न्यायमूर्ति फॉसेट यांची समिति नेमली गेली व गिरण्या सुरू झाल्या. मार्च १९२९ च्या अहवालांत समितीनें कार्यक्षमतेची योजना एकंदरींत वाजवी ठरविली. पण एप्रिलमध्येंच पुन्हां संप झाला, तो फसला. आणि १९३४ सालीं मजुरींतील कपातीवरून मुंबईच्या गिरण्या पुन्हां बंद पडल्या.