महाजालावरील भाषापसंती आणि मराठी : नांदूरघाटच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
उत्तर कोणत्या भाषेत मिळावे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. केज तालुक्यातील नांदूरघाट हे गाव बीड जिल्ह्यासह १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. लोकव्यवहार मराठीत, तर राज्यकारभार उर्दूत चाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी राजभाषा झाली. महाजालावर हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहिला. त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भाषापसंतीच्या संकेताची जडणघडण :
ब्राउझर संकेतस्थळाकडे पान मागताना विनंतीसोबत काही शीर्षओळी पाठवितो. त्यांपैकी 'अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज' ही ओळ वाचकाची भाषापसंती कळविते. मे १९९६ मधील एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात तिचा उल्लेख केवळ परिशिष्टात होता. जानेवारी १९९७ च्या १.१ आवृत्तीत व जून १९९९ च्या सुधारित मसुद्यात तिला सविस्तर स्थान मिळाले. जून २०२२ च्या मानकातही ती कायम आहे. या ओळीत प्रत्येक भाषेला ० ते १ या दरम्यान भार देता येतो. उदाहरणार्थ, मराठीस १, हिंदीस ०.८ व इंग्रजीस ०.५. भार न लिहिल्यास तो १ मानला जातो. मराठीसाठी 'एम-आर' हा दोन अक्षरी संकेत निश्चित आहे.

मर्यादांची मीमांसा :
पहिली मर्यादा जुळणीची आहे. १९९९ च्या नियमानुसार केवळ 'मराठी' मागणाऱ्यास 'मराठी-भारत' अशी नोंद असलेले पान मिळते. परंतु केवळ 'मराठी-भारत' मागणाऱ्यास नुसत्या 'मराठी' नोंदीचे पान जुळत नाही. दुसरी मर्यादा लिपीची होती. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश झाला, तरी पुढे अनेक वर्षे मराठी संकेतस्थळे विशिष्ट फाँटवर अवलंबून होती. मराठी पान मिळाले तरी तो फाँट नसल्यास ते वाचता येत नसे. तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. ब्राउझर इंग्रजीत बसविलेला असेल, तर वाचकाने काहीही न निवडता त्याच्या नावे इंग्रजीची पसंती कळविली जाते. शिवाय सर्व्हरवर ही पसंती मानण्याचे बंधन नाही. जुळणारी प्रत नसल्यास तो '४०६' हा नकार देऊ शकतो किंवा आपल्या मूळ भाषेतील पान पाठवू शकतो. पसंतीची लांब यादी वाचकाची ओळख उघड करू शकते, हा धोकाही १९९९ च्या मसुद्यात नोंदविलेला आहे.

निष्कर्ष :
संस्थानकाळात कारभाराची भाषा शासनाने ठरविली होती. महाजालाच्या नियमांत वाचकाला आपली भाषा सांगण्याची सोय आहे, हा निश्चितच महत्त्वाचा फरक होय. तथापि नांदूरघाटच्या शेतकऱ्याचा भ्रमणध्वनी इंग्रजीत बसविलेला असेल, तर त्याची मराठी सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही आणि मराठी वाचकांची मागणी कमी असल्याचा आभास निर्माण होतो. म्हणून ब्राउझरमध्ये मराठी अग्रक्रमाने नोंदविण्याचे शिक्षण शाळा-महाविद्यालयांतून देणे, आणि संकेतस्थळांनी ही पसंती मानून सोबत भाषा बदलण्याची ठळक सोय ठेवणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. कायद्याने मिळालेला भाषेचा हक्क व्यवहारात उतरण्यासाठी आता यंत्राच्या पातळीवरही तो नोंदविला गेला पाहिजे.