चिमणराव, मेक्सिको आणि न संपणारी गोष्ट

मराठीच्या वर्गात दूरचित्रवाणी मालिकांचा विषय निघाला की आम्ही प्राध्यापक मंडळी सहसा एका वाक्यात मोकळे होतो : हे सारे बाहेरून आलेले आहे. बदलापूरच्या शिरगावात राहणाऱ्या आम्हां काही सहकाऱ्यांना मात्र अलीकडे या वाक्याची खात्री वाटेनाशी झाली आहे. इतिहास पाहू जाता मराठी मालिकेची एक मुळी थेट आपल्या ग्रंथालयात पोहोचते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चिं. वि. १९६३ सालीच निवर्तले होते. त्यांची माणसे त्यांच्या पश्चात नव्या माध्यमात वावरू लागली. ध्यानात घेण्याजोगी आहे ती या मालिकेची रचना. कुटुंब तेच राहते, फजिती मात्र दर वेळी नवी. आणि ती त्याच बैठकीत निस्तरली जाते. हा घाट विनोदी कथेचा आहे.

दुसरा प्रवाह खरोखरच परदेशी. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी १९७५ साली प्रौढ साक्षरतेच्या प्रचारासाठी ‘वेन कोन्मिगो’ ही मालिका केली, तर पुढे कुटुंबनियोजनासाठी ‘आकोंपान्यामे’. हा प्रयोग वसंत साठे यांनी मेक्सिकोत पाहिला आणि तसे काही भारतात व्हावे असा आग्रह धरला. त्यातून ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. लेखक होते मनोहर श्याम जोशी. आरंभीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश जड झाला, प्रेक्षक रमेनात. तेव्हा उपदेश कमी करून घरातली भांडणे, स्वप्ने आणि निराशा वाढवण्यात आल्या, आणि मालिका घरोघरी पोहोचली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन भाष्य करीत. कीर्तनात निरूपण आधी आणि आख्यान नंतर. येथे क्रम उलटा झाला, एवढेच. परदेशी रोप येथल्या मातीत रुजले ते असे.

मग बिघडले कोठे? आमच्या मते प्रश्न शेवटाचा आहे. १५ ऑगस्ट १९९९ रोजी ‘अल्फा मराठी’ सुरू झाली, त्याच वर्षी ‘आभाळमाया’ आली. २००१ साली ‘ई टीव्ही मराठी’वर सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ २०१३पर्यंत चालली. भाग तीन हजारांहून अधिक. हॉलंडमध्ये १९९९ साली जन्मलेला ‘बिग ब्रदर’ २०१८मध्ये ‘बिग बॉस मराठी’ होऊन आला. पण त्यालाही निदान ठरलेला शेवट आणि विजेता असतो. दैनंदिन मालिकेने मात्र शेवटच पुढे ढकलला.

यात प्रेक्षकाची सोयही आहे, हे नाकारू नये. शिरगावातली कित्येक माणसे पहाटेच्या लोकलने मुंबईस जातात आणि रात्री उशिरा परततात. चार भाग चुकले तरी पाचव्या दिवशी त्यांना गोष्ट सापडते, कारण दरम्यान काहीच संपलेले नसते. दिवसभर घराबाहेर राहणाऱ्याला पडद्यावरचे घर जागच्या जागी भेटते, हा दिलासा आम्हीही अनुभवला आहे.

परंतु उत्तरपत्रिका तपासताना आम्हांला धास्ती वाटते. कादंबरीवरचे उत्तर ‘मग असे झाले, मग तसे झाले’ या वळणाने जाते. ती तेथेच का संपली, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडत नाही. याचा सारा दोष वाहिन्यांवर टाकणे सोपे आहे. पण पडद्यावरची गोष्ट वर्गात आणून तिचा घाट उलगडून दाखवण्याचे काम आम्ही तरी कधी केले? चिमणरावाची एक कथा आणि आजच्या मालिकेचा एक भाग शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारावा : गोष्ट कोठे संपली? त्याचे उत्तर शोधणारा विद्यार्थी मालिकाही डोळसपणे पाहील आणि कादंबरीही.