स्त्रियांचा मधुमेह आणि पेशींतील संरक्षक विकरे

चाळिशीनंतर स्त्रियांमध्ये टाईप-२ मधुमेहाचा धोका वाढू लागतो. वाढते वजन, बैठे काम आणि आनुवंशिकता ही त्याची परिचित कारणे आहेत. पेशींमधील अँटिऑक्सिडंट विकरांचा, म्हणजेच एन्झाइम्सचा, या आजाराशी असलेला संबंध मात्र तुलनेने कमी चर्चिला जातो.

प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करताना पेशींमध्ये सुपरऑक्साईडसारखे अतिक्रियाशील रेणू तयार होतात. अशा रेणूंमुळे साचत जाणारी हानी हेच वार्धक्याचे कारण होय, असा सिद्धांत अमेरिकी शास्त्रज्ञ डेनहॅम हरमन यांनी १९५६ मध्ये मांडला. पुढे १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील जो मॅककॉर्ड व आयर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साईड डिसम्युटेज या विकराचे कार्य उलगडले. हे विकर सुपरऑक्साईडचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये करते. त्याचे निरुपद्रवी पाणी करण्याचे काम कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे पार पाडतात.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास सुपरऑक्साईडची निर्मिती वाढते. शिवाय साखरेचे रेणू डिसम्युटेजला चिकटून त्याची कार्यक्षमता घटवतात. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी संरक्षण दुबळे होते. इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशींमध्ये कॅटालेज व पेरॉक्सिडेजचे प्रमाण मुळातच अल्प असल्याचे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे.

स्त्रियांच्या बाबतीत इस्ट्रोजेन या संप्रेरकाची भूमिका महत्त्वाची ठरते. ते काही अँटिऑक्सिडंट विकरांच्या निर्मितीस चालना देते, असे प्रयोगशाळेतील संशोधनातून दिसून आले आहे. रजोनिवृत्तीनंतर हा आधार कमी होतो. भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी येते.

मग अँटिऑक्सिडंट गोळ्या घेतल्यास मधुमेह टळेल काय? अमेरिकेत हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या, परंतु मधुमेह नसलेल्या ६,५७४ स्त्रियांना सरासरी नऊ वर्षांहून अधिक काळ क आणि ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटिन किंवा निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मधुमेह टाळण्यात यांपैकी कशाचाही लक्षणीय उपयोग झाला नाही. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम आवश्यक असते. तरीही २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकी चाचणीत रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण उलट अधिक आढळले. गोळ्यांच्या वेष्टनावर अर्थातच याचा उल्लेख नसतो.

नियमित व्यायामाने मात्र शरीर स्वतःची विकरे वाढवते. व्यायामात निर्माण होणारे अतिक्रियाशील रेणूच त्यासाठी संकेत देतात. जर्मनीत तरुण पुरुषांवर झालेल्या २००९ मधील एका अभ्यासात क व ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांनी हा संकेतच दडपला गेला आणि व्यायामाने इन्सुलिनच्या परिणामकारकतेत होणारी सुधारणा दिसली नाही.